दोन वर्षांचा झाला तरी बोलत नाही का गं?

ताईच्या पोराला दोन वर्षं झाली आणि घरी येणारं प्रत्येक जण हेच विचारतं. वर सल्ला ठरलेला, मुलगे उशिराच बोलतात, थांबा जरा. थांबा म्हणणाऱ्यांचं काय जातंय!

साधारण अंदाज असा की पहिल्या वाढदिवसाच्या आसपास एखादा शब्द येतो, दोन वर्षांपर्यंत ५० च्या आसपास शब्द आणि 'आई ये', 'दूध दे' अशी जोडणी. थोडं मागेपुढे चालतं, पण हाक मारली तर वळत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल किंवा आलेले शब्द बंद झाले तर सरळ डॉक्टर गाठायचा. आणि आधी कान तपासायचे, सारख्या सर्दीने पडद्यामागे पाणी साचलं तरी पोराला नीट ऐकू येत नाही आणि आपण म्हणतो हट्टी आहे.

घरात मराठी, बिल्डिंगमध्ये हिंदी म्हणून गोंधळतो हे मात्र खरं नाही, दोन भाषांमुळे बोलणं अडत नाही. मोबाईलचं वेगळं, डब्ल्यूएचओच्या २०१९ च्या गाईडलाईनमध्ये दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तर उत्तमच.

ताई त्याला पंचवटीत भाजीला नेते, मेथी दाखवून 'ही काय?' विचारते आणि उत्तरासाठी थांबते, भाजीवाल्या मावशीसुद्धा थांबतात. परवा तो म्हणाला 'ताता', म्हणजे काका. क चा त या वयात चालतोच. कानाची अपॉइंटमेंट तरी घेतलीच आहे.