सुरंगीच्या दिवसांत वेंगुर्ल्याजवळची एक बाग

वेंगुर्ले तालुक्यातील एका निवृत्त शिक्षकांच्या सहस्रचंद्रदर्शन सोहळ्याच्या निमित्ताने त्यांची बाग निवांतपणे पाहता आली. रानोमाळ हिंडून कोकणातील झाडे जमवण्यात आणि लोकांच्या परसबागा आखून देण्यात गुरुजींचे आयुष्य गेले आहे; त्यामुळे भाषणे लवकर आटोपून मंडळी बागेकडे वळली, हे उचितच झाले.

बागेची आखणी वाऱ्यापासून सुरू होते. समुद्राच्या अंगाला खारा वारा सोसणारी उंडी आणि भेंड, त्यांच्या आडोशाला सुरंगी व बकुळ, आणि त्याही आत रातांबे म्हणजे कोकमाची झाडे अशी रचना आहे. जांभ्याचा कातळ फोडून त्यावर विकतची माती पसरण्याची रीत गुरुजींना मान्य नाही. सड्याचा, म्हणजे उघड्या कातळपठाराचा, एक तुकडा त्यांनी जसाच्या तसा राखला असून पावसाळ्यात तेथे दीपकाडी फुलते. पांढऱ्या फुलांची ही कंदवर्गीय वनस्पती मुख्यतः दक्षिण कोकणातील सड्यांवरच आढळते. देवराईतून काडीही न उचलण्याचा नेम मोडू नये म्हणून त्यांनी गावकऱ्यांना विचारून केवळ खाली पडलेले बी आणले, आणि सीतेच्या अशोकाचे बी सुकल्यावर रुजत नसल्याने ते ओलसर मातीत ठेवूनच घरी नेले. शहरांत अशोक म्हणून रांगेने लावतात त्या आसुपालवाविषयी मात्र गुरुजी फारसे प्रेमाने बोलत नाहीत.

सुरंगी पाहायची असल्यास फेब्रुवारीअखेर ते मार्च या काळात, तेही सकाळी लवकर जावे, कारण वळेसरांसाठी, म्हणजे गजऱ्यांसाठी, कळ्या पूर्ण उमलण्याआधीच उतरवल्या जातात. फुलांवर मधमाश्या असतात, म्हणून फांद्या हलवू नयेत. सड्यासाठी जुलै-ऑगस्ट उत्तम. शेवाळलेला कातळ निसरडा असल्याने पकड असलेली पादत्राणे घालावीत. रेल्वेने कुडाळ किंवा सावंतवाडी रोड येथे उतरून एसटीने वेंगुर्ल्याला जाता येते. अशा खासगी बागेत आधी विचारूनच जावे.

येथील रातांबे पाहून ते लावण्याचा मोह झाल्यास रोपांऐवजी मादी झाडाची कलमे घ्यावीत, कारण बियांपासून वाढवलेल्या रोपांपैकी सुमारे निम्मी नर निघतात आणि ते फुलोरा आल्याशिवाय कळत नाही. मात्र परागीभवनासाठी एखादे नर झाड जवळपास हवेच. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे आहे. कलमांची चौकशी तेथे करावी आणि लागवड पावसाच्या सुरुवातीस करावी.