तीर्थनकाठचे चार दिवस आणि फ्लाय रॉडची निवड

हिमाचल प्रदेशातील कुलू जिल्ह्यात ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांतून तीर्थन नदी उतरते आणि गुशैणी, नागणी, बंजार अशी गावे मागे टाकत लारजीजवळ बियासला मिळते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी आणि माझा मामेभाऊ या नदीवर चार दिवस ट्राउट मासा धरण्यासाठी राहून आलो. जाताना माझ्याकडे नवा, चांगल्या प्रतीचा फ्लाय रॉड, म्हणजे खोट्या कीटकाने मासे धरण्याची काठी होती, परंतु हा रॉड त्या नदीसाठी नव्हता, हे पहिल्याच सकाळी लक्षात आले. पुढच्या तीन दिवसांत यजमानांकडचे आणखी दोन रॉड आलटूनपालटून वापरता आले, त्यामुळे पुस्तकी वाटणारे बरेच मुद्दे हाताला समजले. या वाटेने जाणाऱ्यांना, आणि विशेषतः पहिला रॉड विकत घेण्याच्या विचारात असलेल्यांना, उपयोग व्हावा म्हणून हा वृत्तांत लिहीत आहे.

आम्ही विमानाने चंडीगडला उतरलो आणि तेथून मनालीकडे जाणाऱ्या रात्रीच्या बसने पहाटे औटला पोहोचलो. औटचा लांब बोगदा सुरू होण्यापूर्वीच उतरावे लागते, म्हणून वाहकाला आधी सांगून ठेवणे बरे. तेथून लारजीमार्गे बंजार आणि पुढे गुशैणी हा प्रवास जीपने दोन तासांच्या आत होतो. कुलूचा दसरा आपल्या विजयादशमीला संपत नाही, तर त्या दिवशी सुरू होऊन सात दिवस चालतो. त्या आठवड्यात बस आणि खोल्या दोन्ही मिळणे अवघड जाते, त्यामुळे तारखा ठरवताना पंचांग पाहावे. हिमाचलात ट्राउटची मासेमारी नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ आहे. उरलेल्या महिन्यांपैकी पावसाळ्यात पाणी गढूळ असते आणि मे-जूनमध्ये बर्फ वितळून ते चढते, म्हणून मार्च-एप्रिल किंवा पावसाळा संपल्यानंतरचे दिवस निवडावेत. मत्स्य विभागाचा परवाना काढल्याशिवाय पाण्यात गळ टाकू नये आणि उद्यानाच्या हद्दीत तर तसा विचारही करू नये.

येथील ब्राउन ट्राउट हा मूळचा हिमालयातला नव्हे. ब्रिटिशांनी १९०० च्या सुमारास तो काश्मीरच्या नद्यांत रुजवला आणि १९०९ मध्ये कुलू खोऱ्यात महिली येथे उबवणी केंद्र सुरू होऊन तो या बाजूला पसरला. थंड, प्राणवायूने भरलेले, खळाळते पाणी त्याला मानवले. मोठ्या दगडाच्या मागे, जिथे प्रवाह मंदावतो, तिथे तो तोंड वरच्या अंगाला करून थांबतो आणि वाहत येणारे कीटक टिपतो. रॉडची निवड या एका सवयीपासून सुरू होते, कारण मासा कुठे उभा आहे यावर आपण कुठे उभे राहणार हे ठरते आणि आपण कुठे उभे आहोत यावर फेक किती लांब जाणार हे ठरते.

फ्लाय फिशिंगशी परिचय नसलेल्यांसाठी येथे थोडे सांगायला हवे. मालवण-देवगडकडे आपण गरवायला बसतो तेव्हा शिशाचे किंवा आमिषाचे वजन दोरीला ओढून नेते. फ्लाय म्हणजे पिसे आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा कीटक असून त्याला जवळजवळ वजनच नसते. त्यामुळे येथे जाड, जड लाइन फेकली जाते आणि फ्लाय तिच्या मागून जाते. रॉड हा या लाइनच्या वजनाने वाकणारा आणि सुटताच ते वजन पुढे ढकलणारा स्प्रिंग आहे. रॉडवर लिहिलेला ‘वेट’ म्हणजे त्या रॉडचे वजन नसून त्याला कोणत्या लाइनचा भार मानवतो याचा क्रमांक आहे. लाइनच्या पुढच्या ३० फुटांचे, म्हणजे सुमारे ९ मीटरचे वजन मोजून हा क्रमांक ठरतो. ४ वेटसाठी ते १२० ग्रेन, म्हणजे पावणेआठ ग्रॅम असते, ५ वेटसाठी १४० ग्रेन, म्हणजे ९ ग्रॅम आणि ६ वेटसाठी १६० ग्रेन, म्हणजे सुमारे सव्वादहा ग्रॅम असते.

माझा रॉड ९ फुटी, ६ वेटचा, फास्ट ॲक्शनचा होता. फास्ट ॲक्शन म्हणजे फक्त टोकाकडे वाकणारा, खाली ताठ राहणारा रॉड. पुण्यात एका मैदानावर मी त्याच्यावर तीन महिने सराव केला होता आणि १५-१८ मीटरची फेक बऱ्यापैकी सरळ जात होती. तीर्थनवर मात्र गुशैणीच्या खाली पहिल्या डोहाशी उभा राहिलो, तेव्हा समोरचा दगड सहा मीटरवर होता. सहा मीटरच्या फेकेत पावणेतीन मीटर तर लीडरच, म्हणजे लाइनच्या टोकाला जोडलेला पातळ दोरा असतो आणि रॉडची स्वतःची लांबीही पुढे आलेली असते, त्यामुळे रॉडच्या टोकाबाहेर खरी लाइन जेमतेम दीड-दोन मीटर उरते. नऊ मीटरच्या भाराने वाकण्यासाठी बांधलेला ताठ रॉड एवढ्याशा वजनाने वाकतच नव्हता. हाताने जोर लावला की लाइन पाण्यावर आपटत होती आणि ज्या माशाला गाठायचे तो दगडाखाली नाहीसा होत होता. मागे अल्डरची झाडे होती, त्यामुळे मागची फेक मोकळी घेता येत नव्हती. सकाळचे तीन तास असे गेले.

दुपारी यजमानांनी साडेआठ फुटी, ४ वेटचा, मध्यम ॲक्शनचा जुना रॉड हातात दिला. मध्यम ॲक्शनचा रॉड मधल्या भागापर्यंत वाकतो, त्यामुळे थोड्याशा लाइनच्या भारानेही तो वाकतो आणि आपला वेग आपोआप कमी होतो. मागे जागा नसेल तेव्हा रोल कास्ट करावी लागते, म्हणजे लाइन मागे न उडवता पाण्यावरूनच वळी करून पुढे लोटायची. ती या रॉडने दहा मिनिटांत जमू लागली. चारच्या सुमारास पॅरशूट ॲडम्स ही तरंगती फ्लाय दगडाच्या कडेवरून वाहत असताना पाणी किंचित फुगले आणि पहिला ट्राउट लागला. तो वीतभराहून थोडा मोठा, सोनेरी पोटाचा आणि लाल ठिपक्यांचा होता. हात ओले करून, काटा नसलेल्या गळातून सोडवून त्याला परत पाण्यात सोडले.

दुसऱ्या दिवशीचा अनुभव माझ्या मामेभावाचा आहे आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. तो देवगडच्या खाडीत लहानपणापासून गरवत आलेला आहे. लाइन हवेत उडवण्यात त्याला रस नव्हता आणि ते त्याला जमतही नव्हते, परंतु दोरीवर आलेला हलकासा झटकाही त्याच्या बोटांना तत्काळ कळतो. यजमानांकडे १० फुटी, ३ वेटचा, मऊ टोकाचा एक रॉड होता. तो निम्फ म्हणजे पाण्याखालच्या अळीसारख्या, टंगस्टनचा मणी ओवलेल्या जड फ्लायसाठी असतो. या पद्धतीत लाइन जवळपास बाहेर काढतच नाहीत. लांब रॉड पुढे धरून पातळ लीडर पाण्याबाहेर ठेवायचा, फ्लाय तळाशी घरंगळू द्यायची आणि ती अडखळली की उचलायची. मधले वेगवान प्रवाह लाइनला ओढून नेत नाहीत, हा लांबीचा फायदा आहे. मामेभावाने त्या एका सकाळी पाच मासे धरले. माझ्या हाती तोच रॉड आला तेव्हा मला तळ आणि मासा यांतला फरक कळेना.

म्हणून माझे मत असे झाले आहे की, रॉड निवडताना दुकानात जाण्यापूर्वी स्वतःच्या हाताकडे पाहावे. ज्याला पाण्याच्या पृष्ठभागावर डोळे लावून बसायला आवडते आणि फ्लाय अलगद उतरवण्यात आनंद वाटतो, त्याने साडेसात ते साडेआठ फुटी, ३ किंवा ४ वेटचा, मध्यम ॲक्शनचा रॉड घ्यावा. ज्याचा हात स्पर्शाला तयार आहे, त्याने १० फुटी, ३ वेटचा निम्फ रॉड घेतला तर लांब फेकेच्या सरावाचा त्याचा बराच वेळ वाचेल. ज्याला अजून काहीच ठरवता येत नाही आणि एकाच रॉडवर भागवायचे आहे, त्याने ९ फुटी, ५ वेटचा, मध्यम-फास्ट रॉड घ्यावा. तो कोणत्याच कामात सर्वांत चांगला नसतो, पण कोणत्याही कामात अडवत नाही. जपानी टेनकारा हा रीळ नसलेला, एकात एक सरकवून मिटवता येणारा लांब रॉडही छोट्या ओढ्यांवर चालतो आणि आपल्याकडच्या बांबूच्या गरीची सवय असलेल्याला तो लगेच ओळखीचा वाटेल. मात्र तीर्थनच्या मुख्य पात्रात मोठा मासा प्रवाहाबरोबर खाली पळाला, तर लाइन सोडायला रीळ नसल्याने तो हातचा जातो.

६ वेटचा रॉड वाया गेला नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही बंजारच्या खाली, नदी रुंद होते त्या पट्ट्यात गेलो. दुपारनंतर खोऱ्यातून वर वाहणारा वारा सुटला आणि समोरचा काठ १२-१४ मीटरवर होता. तिथे वूली बगर ही छोट्या माशासारखी दिसणारी जड फ्लाय वाऱ्याविरुद्ध पोहोचवणे ४ वेटच्या रॉडला झेपत नव्हते आणि माझ्या ताठ रॉडला ते सहज जमले. असाच रॉड आधीपासून घेतलेला असेल आणि लहान पाण्यावर जायचे असेल, तर त्यावर एक क्रमांक जड, म्हणजे ७ वेटची लाइन चढवावी, म्हणजे तो कमी अंतरावरही वाकतो. आपल्या सह्याद्रीतील खडस, म्हणजे दख्खनी महसीर, किंवा रायगडच्या खाडीतील जिताडा यांच्यासाठी मात्र ६ वेटही अपुरा पडतो, तिथे ८ वेटचा रॉड लागतो आणि खाऱ्या पाण्यात न गंजणारे रीळ लागते. अतिशय हलक्या रॉडवर मोठा मासा लावणे मला योग्य वाटत नाही, कारण तो लवकर काठाला आणता येत नाही आणि थकून गेलेला मासा सोडल्यावरही जगेलच असे नाही.

खरेदीच्या वेळी रॉड नुसता हवेत हलवून पाहू नये. रीळ लावून, लाइन ओवून, आपल्याला ज्या अंतरावर मासे धरायचे आहेत तेवढ्याच अंतरावर फेकून पाहावा. रीळ लावल्यावर कॉर्कच्या मुठीच्या पुढच्या टोकाखाली बोट धरले असता रॉड साधारण समतोल राहिला पाहिजे, नाहीतर दिवसअखेर मनगट दुखते. खर्चाला मर्यादा असेल तर रॉडवर थोडे कमी आणि लाइनवर थोडे अधिक खर्चावे. चांगली लाइन साध्या रॉडला सुधारते, उलट मात्र होत नाही. प्रवासासाठी चार तुकड्यांचाच रॉड घ्यावा. ९ फुटी रॉड त्यात पाऊण मीटरच्या आसपास येतो आणि नळीसकट मोठ्या बॅगेत मावतो. विमानात गळ, कात्री आणि पकड केबिनच्या सामानात ठेवू नयेत. आम्ही रॉडही नळीत घालून चेक-इनच्या सामानात दिला आणि काही त्रास झाला नाही.

पाण्यावर असताना दर अर्ध्या तासाने तुकड्यांचे सांधे हाताने दाबून पाहावेत, कारण सैल झालेल्या सांध्याशीच रॉड बहुधा फुटतो. मासा जवळ आल्यावर रॉड डोक्यामागे उभा नेऊ नये, तसे केल्यास सगळा भार नाजूक टोकावर येतो. कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. गुशैणीच्या रस्त्याला नदीवरून विजेच्या तारा गेल्या आहेत, तेव्हा तारांखाली फेकू नये आणि ढगांचा गडगडाट सुरू होताच रॉड खाली ठेवून काठ सोडावा. तीर्थनचे दगड शेवाळलेले असल्याने नमद्याचे तळवे असलेले बूट आणि एक आधाराची काठी सोबत ठेवावी. लारजीच्या पुढे बियासच्या पात्रात मात्र उतरूच नये. लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात ८ जून २०१४ रोजी थलौटजवळ हैदराबादचे २४ अभियांत्रिकी विद्यार्थी वाहून गेले होते आणि पाणी किती लवकर चढते हे काठावरून मुळीच कळत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी दोनच तास होते. मी ४ वेटचा रॉड घेऊन, फलाचन ओढा तीर्थनला मिळतो त्या संगमाच्या थोडे वर गेलो आणि मामेभाऊ त्याचा लांब रॉड घेऊन खाली राहिला. मला एक मासा मिळाला, त्याला दोन. निघण्यापूर्वी यजमानांनी तिन्ही रॉडचे तुकडे सुटे करून उन्हात वाळवले, मुठी पुसल्या आणि मगच नळीत घातले. ओला रॉड बंद नळीत राहिला तर कॉर्कला बुरशी धरते आणि लाइन ओवायच्या कड्यांवरचे लॅकर फुगते, म्हणून घाई असली तरी हे अर्धा तास राखून ठेवावे. पुण्याला परतल्यावर मी साडेआठ फुटी ४ वेटचा रॉड घेतला आहे आणि मार्चमध्ये ऊहल नदीवर, बरोटला जायचे ठरले आहे. मामेभावाला निम्फ रॉड हवा आहे, पण तो आधी देवगडच्या खाडीत त्याच्यावर हात बसवणार आहे.