असिस्टोल म्हणण्यापूर्वी

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात रात्रपाळीला असताना एका रुग्णाच्या ईसीजीला मी जे नाव दिले, ते चुकीचे होते की नुसतेच अपुरे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. त्या नावाने त्यांचा जीव गेला असे मी म्हणत नाही. पण ते उच्चारल्यानंतर खोलीतल्या कोणीही, माझ्यासह, पट्टीकडे पुन्हा पाहिले नाही.

आबा सत्तरीचे शेतकरी होते. तीन दिवस चक्कर येत होती आणि गावात कोणीतरी अशक्तपणा समजून दोन सलाईन लावून त्यांना घरी पाठवले होते. आपल्याकडे सलाईनवर जेवढी श्रद्धा आहे, तेवढी ईसीजीवर नाही. रात्री पावणेबाराला मुलगा त्यांना घेऊन आला तेव्हा नाडी मिनिटाला 34 होती. हृदयाचे वरचे कप्पे मिनिटाला 90 च्या आसपास नियमित चालले होते, खालचे कप्पे स्वतःच्या संथ गतीने, आणि वरचा निरोप खाली पोहोचणे पूर्ण थांबले होते. यालाच आम्ही कम्प्लीट हार्ट ब्लॉक म्हणतो. नाडी वाढवणाऱ्या अॅट्रोपिनच्या 0.6 मिलिग्रॅमच्या पाच अँप्यूल दिल्या. फरक पडला नाही, आणि खालच्या कप्प्यांच्या लाटा इतक्या रुंद असताना तो पडेल अशी फारशी आशाही नव्हती. नाडी आणि रक्तदाब टिकवणारे डोपामिन सुरू केले आणि तात्पुरता पेसमेकर बसवण्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवायचे ठरवले. 108 ची गाडी बाळंतपणाची केस घेऊन गेली होती.

एक वाजायला आठ मिनिटे असताना, मुलाशी बोलता बोलता आबांचे डोळे वर गेले आणि हातांना एक झटका आला. एकोणिसाव्या शतकात डब्लिनच्या अॅडम्स आणि स्टोक्स या डॉक्टरांनी वर्णन केलेला झटका तो हाच. सिस्टर म्हणाल्या, "सर, फ्लॅट." मानेतली नाडी लागत नव्हती. मी म्हणालो, "असिस्टोल. सीपीआर सुरू करा."

सिस्टोल म्हणजे हृदयाचे आकुंचन. त्याला नकार जोडला की असिस्टोल. वर्तमानपत्रात ज्याला 'हृदयक्रिया बंद पडणे' म्हणतात, ते याहून मोठे वर्तुळ आहे. रक्ताभिसरण थांबले की तो कार्डिअॅक अरेस्ट. त्या वेळी हृदयात सैरावैरा थरथर असू शकते, नाडी न लागणारी अतिवेगवान लय असू शकते, विद्युत-लय दिसूनही ठोका नसू शकतो, किंवा यांपैकी काहीच नसते. शेवटच्या अवस्थेला असिस्टोल म्हणतात. हार्ट अटॅक हे तर वेगळेच दुखणे, ज्यात रक्तवाहिनी तुंबते आणि माणूस पुष्कळदा शुद्धीवर राहून घामाघूम होतो. हे सगळे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, आणि आमच्यातले काही डॉक्टरही नातेवाइकांशी बोलताना तसेच वापरतात.

सरळ रेष दिसली की तिच्यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही, हे मला शिकवलेले होते आणि ते मी पाळले, हे अजूनही थोड्या अभिमानाने सांगतो. लीड, म्हणजे अंगाला जोडलेली तार, सुटली की बहुधा फूटपट्टीने आखल्यासारखी रेष येते; खऱ्या असिस्टोलची रेष किंचित डुलत, वरखाली सरकत जाते. छाती दाबण्यातल्या विरामात मी लीड तपासल्या, गेन, म्हणजे पडद्यावरच्या लाटांची उंची, वाढवला, दुसऱ्या लीडमध्ये पाहिले. बारीक थरथर लपलेली नाही ना, एवढेच मी शोधत होतो, कारण ती असती तर शॉक द्यावा लागला असता. ती नव्हती. मॉनिटरही लाल अक्षरांत असिस्टोल असेच दाखवत होता.

आमचे वॉर्डबॉय मामा आणि ब्रदर दर दोन मिनिटांनी आलटून पालटून छाती दाबत होते, मिनिटाला 100 ते 120, पाच सेंटिमीटर खोल. मामांइतके अचूक दाबणारा माणूस मी भल्या मोठ्या खाजगी रुग्णालयातही पाहिलेला नाही, आणि ते आजही कंत्राटी आहेत. दर चार मिनिटांनी एक मिलिग्रॅम अॅड्रिनलिन जात होते. मुलगा दारातून ओरडत होता, "डॉक्टर, शॉक द्या ना! मशीन तिथंच आहे ना!" चित्रपटांनी सरळ रेषेला शॉक देऊन माणसे उठवली आहेत, त्याला काय दोष देणार? थांबलेले हृदय शॉकने सुरू होत नाही. थरथरणाऱ्या हृदयातला सगळा गोंधळ तो एका क्षणात थांबवतो, म्हणजे मूळ केंद्राला पुन्हा ताबा घेता येतो. थांबवायला काही नसेल, तर त्याचा उपयोग नाही. हे त्या क्षणी दारात उभ्या असलेल्या मुलाला सांगायला माझ्याकडे वेळ नव्हता.

1 वाजून 31 मिनिटांनी मी थांबायला सांगितले.

मृत्यूच्या कारणाचा नमुना 4 भरताना मी 'कम्प्लीट हार्ट ब्लॉक' लिहिले, तर सकाळी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सुचवले की सरळ 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' लिहा, प्रश्न येत नाहीत. प्रत्येकच माणूस हृदय आणि श्वास थांबून मरतो. मरण्याची रीत कारण म्हणून लिहू नये, असे त्या नमुन्याबरोबरच्या सूचनांतच असते, तरीही कपाटातल्या निम्म्या प्रतींवर तेच शब्द सापडतील.

त्याच नमुन्यासाठी केसपेपर चाळताना सिस्टरांनी चिकटवलेली पट्टी मी खिडकीच्या उजेडात पाहिली. कोसळल्यानंतरचे पहिले सहा सेकंद, तीस मोठे चौकोन. त्यात नऊ बारीक उंचवटे होते, सारख्या अंतरावर. वरचे कप्पे अजून हाका देत होते, फक्त खालून उत्तर येत नव्हते. मॉनिटर खालच्या कप्प्यांच्याच लाटा मोजतो, म्हणून त्याच्या लेखी ते असिस्टोल होते. मी मात्र यंत्र नाही. अशा पट्टीला व्हेंट्रिक्युलर स्टँडस्टिल हे नेमके नाव आहे, आणि त्या नावासरशी दुसरा उपचार आठवायला हवा होता तो पेसिंगचा, म्हणजे बाहेरून ठोके देऊन हृदय चालवण्याचा. आमच्या डिफिब्रिलेटरमध्ये, म्हणजे शॉकच्या मशीनमध्ये, त्वचेवरून पेसिंगची सोय आहे, पण ती हातातल्या पॅडल्सवर चालत नाही, चिकटणारे पॅड लागतात. ते सात महिने मागणीपत्रातच होते. पॅडवर खापर फोडून मी मोकळा झालो असतो. पण छातीच्या हाडाच्या खालच्या डाव्या कडेशी, दहा सेंटिमीटर वरून, मिनिटाला 50 ते 70 वेळा मुठीने ठोके देऊनही काही काळ हृदय चालवता येते, असे मी वाचलेले होते. मुठीसाठी मागणीपत्र लागत नाही. दहा मिनिटांनंतरच्या पट्टीत एकही उंचवटा नाही. तोवर शब्द खरा ठरला होता.

मुलगा पंधरा दिवसांनी कागदपत्रांसाठी आला. शॉक का दिला नाही, हे मी या वेळी चित्र काढून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग काय द्यायला पाहिजे होतं?" मी केसपेपर उघडला, पट्टी त्याच्यासमोर ठेवली आणि ते नऊ उंचवटे त्याला एकेक करून दाखवले. त्याने त्यावरून बोट फिरवले. ईसीजीचा कागद उष्णतेवर छापलेला असतो, काही वर्षांत विटतो, म्हणून त्या पट्टीची झेरॉक्स काढून मी माझ्याकडे ठेवली आहे. पॅडचे दोन जोड गेल्या महिन्यात आले.