वाईहीची सोन्या-चांदीची शीर : पट्ट्यांचा क्रम लावताना

मागील नोंदीनंतर एकच काम हाती घेतले होते. वाईही येथील मार्था शिरेची (शीर म्हणजे खडकाच्या भेगेत खनिजे बसून झालेला पट्टा) तळहाताएवढी चकती घासून, तिच्यावरचे पट्टे कोणत्या क्रमाने बसत गेले हे ठरवायचे होते. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, कोरोमंडल द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाजवळ असलेल्या या खाणीतून 1952 साली ती बंद होईपर्यंत सुमारे 174 टन सोने आणि सुमारे 1,190 टन चांदी निघाली, म्हणजे वजनाने चांदी सोन्याच्या जवळजवळ सातपट होती. (1980 च्या दशकात तेथे उघड्या खाणीच्या रूपाने काम पुन्हा सुरू झाले, ते उत्पादन यात धरलेले नाही.) एवढी संपन्न शीर असूनही माझ्या चकतीत नुसत्या डोळ्यांना सोन्याचा कण दिसत नाही, आणि त्यामुळेच ती एका जुन्या संग्रहातून स्वस्तात मिळाली. अशा शिरेत सोने शोधत बसण्यापेक्षा गारेचा (क्वार्ट्झचा) पोत वाचावा, असे माझे मत दिवसेंदिवस पक्के होत चालले आहे.

चकती सिलिकॉन कार्बाइडच्या भरड पुडीपासून सुरुवात करून क्रमाने बारीक पुडीवर घासली आणि शेवटी सिरियम ऑक्साइडने चकाकी आणली. एका कडेला मूळ खडक, म्हणजे मायोसीन काळातील अँडेसाइट हा ज्वालामुखी खडक, शिल्लक आहे. मात्र गरम पाण्याने त्यातील फेल्डस्पार खनिजे पार बदलून गेली असून खडक फिकट पडला आहे व त्यात पायराइटचे (लोहाच्या सल्फाइडाचे) बारीक ठिपके विखुरलेले आहेत. त्याला लागून अत्यंत बारीक कणांच्या गारेचे नागमोडी, दुधी व राखी पट्टे आहेत. त्यानंतर जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीचा काळसर पट्टा येतो, त्यापलीकडे पातळ पत्र्यांची गार आणि अगदी मध्यभागी समोरासमोर टोके केलेले स्वच्छ स्फटिक आहेत. भेगेच्या दोन्ही भिंतींकडून आत असा हा क्रम असल्याने मधले स्फटिक सर्वांत शेवटचे, याबद्दल शंका उरत नाही.

मला सर्वांत जास्त वेळ पत्र्यांच्या गारेने घेतला. चिरोट्याच्या पापुद्र्यांसारखे एकमेकांना समांतर असलेले हे पत्रे आकाराने निःसंशय कॅल्साइटचे (कॅल्शियम कार्बोनेटचे) आहेत, परंतु त्यांवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला असता एकही बुडबुडा येत नाही आणि पोलादी सुईने ओरखडाही उठत नाही. याचा अर्थ कॅल्साइट आधी वाढले, पुढे ते विरघळले आणि त्याची जागा गारेने घेतली. असे पत्रे दिसले की शिरेतील पाणी त्या पातळीवर उकळत होते असे मानण्यास चांगला आधार मिळतो. कारण वर चढणाऱ्या, दोनशे ते तीनशे अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यावरील दाब कमी होऊन ते उकळू लागले की कार्बन डायऑक्साइड वाफेबरोबर निघून जातो, पाण्याची आम्लता घटते आणि कॅल्साइट पत्र्यांच्या रूपात भराभर बसते. त्याच वेळी हायड्रोजन सल्फाइडही निसटतो, आणि सोने तर गंधकाशी जोडलेल्या रूपातच पाण्यात टिकून असते, त्यामुळे तो आधार सुटताच ते खाली बसते.

काळसर पट्ट्याचे उत्तर इथे मिळते. दहापट भिंगाखाली तो एकजिनसी काळा नसून गारेत रुतलेल्या राखाडी-काळ्या सल्फाइडांचा दिसतो. त्यातील एका जरा मोठ्या कणावर सुई दाबली असता तो पायराइटसारखा तडकला नाही, तर शिशासारखा कापला गेला आणि कापलेली बाजू चमकली. त्यामुळे तो चांदीचे सल्फाइड म्हणजे अकँथाइट असावा, असे मी धरले आहे. वाईहीचे सोने बहुतांशी इलेक्ट्रम म्हणून, म्हणजे चांदीशी मिसळलेले असते आणि ते बहुधा अशाच काळ्या पट्ट्यांत सूक्ष्म कणांनी राहते. ॲड्युलेरिया हा पोटॅशियम फेल्डस्पारही उकळण्याचीच खूण मानला जातो. त्याची रंग देऊन खात्री करण्याच्या पद्धतीत हायड्रोफ्लोरिक आम्ल लागते आणि ते घरी वापरणे मला मुळीच मान्य नाही, म्हणून दुधी रंगाच्या समभुज चौकोनी आकारांवर समाधान मानले आहे.

ही सर्व प्रक्रिया निव्वळ तर्काची नाही. वाईहीची शीर सुमारे 60 लाख वर्षांची आहे, पण त्याच बेटावर दक्षिणेला, टाउपो ज्वालामुखी पट्ट्यात, तसेच पाणी आजही वर येत आहे. ओहाआकी येथील भूऔष्णिक विहिरींच्या नळ्यांत, दाब एकदम कमी होतो त्या ठिकाणी, सोन्या-चांदीने संपन्न पापुद्रा जमल्याचे 1980 च्या दशकात दाखवून देण्यात आले.

महाराष्ट्रातील मित्र विचारतात की नाशिक-जळगावच्या दगडखाणींतही पट्टेदार अकीक, गार आणि कॅल्साइट विपुल आहेत, मग तेथे सोने का नाही? पट्टे दिसायला सारखे असले तरी दख्खनच्या बेसाल्टमधील पोकळ्या बऱ्याच कमी तापमानाच्या पाण्याने भरल्या, आणि सोबतची झिओलाइटे (कमी तापमानाला बनणारी खनिजे) तेच सांगतात; गंधकयुक्त, उकळते पाणी एकाच भेगेतून दीर्घकाळ वर चढत राहण्याची व्यवस्था तेथे नव्हती.

पुढचा टप्पा वाईहीजवळच्या कारंगाहाके घळीतील आहे. सोने वेगळे करण्याची सायनाइड पद्धत जगात प्रथम व्यापारी प्रमाणावर तेथील क्राउन खाणीत 1889 साली वापरली गेली, कारण सल्फाइडांत अडकलेले इतके बारीक सोने पाऱ्याच्या जुन्या पद्धतीने पुरेसे हाती येत नव्हते. घळीचा परिसर संरक्षित असल्याने तेथून तुकडा उचलणार नाही. पायवाटेलगतच्या शिरांची दिशा व कल होकायंत्राने मोजून, पत्र्यांची गार कोणत्या उंचीपर्यंत दिसते याची छायाचित्रांसह नोंद करणार आहे. ज्यांच्याकडे तेथील जुने, खाणीची पातळी लिहिलेले नमुने असतील, त्यांनी काळ्या पट्ट्याची जाडी आणि पत्र्यांची गार आहे की नाही, एवढे कळवले तरी तुलनेला मोठा उपयोग होईल.