बाबांचं गरगरणं

आज पहाटे बाबा बाथरूमच्या दाराची चौकट घट्ट धरून उभे होते. बोटं पांढरी पडलेली. "काही नाही रे, जरा गरगरलं." रात्री चार-चार वेळा उठावं लागतं म्हणून प्रोस्टेटसाठी टेराझोसिन सुरू झालं होतं. बीपीची गोळी आधीपासून आहेच, पण तेव्हा ती कुणी विचारलीच नाही. याचा मला खरंच राग आहे.

दुपारी दुसऱ्या डॉक्टरांनी बीपी आधी झोपवून घेतलं, मग उभं करून. १३४ वरून थेट १०८! वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला की सावध व्हायचं. टेराझोसिन, डॉक्साझोसिन ही प्रोस्टेटची औषधं रक्तवाहिन्याही सैल करतात, म्हणून बीपी उतरतं. त्याच कामाच्या टॅम्सुलोसिन, सिलोडोसिनचा रोख जास्त करून प्रोस्टेटच्या स्नायूंवर, त्यामुळे बीपी कमी उतरतं. अजिबात उतरत नाही असं मात्र नाही. फिनास्टेराइड हे प्रोस्टेटचं आणखी एक औषध बीपीला धक्का लावत नाही, पण गुण यायला ६ महिनेही लागतात.

आता टेराझोसिनऐवजी टॅम्सुलोसिन ०.४ मिलिग्रॅम, रोज एकाच ठरलेल्या जेवणानंतर अर्ध्या तासाने. (मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना हे आधी सांगायचं.)

बाबा झोपलेत. उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसायचं, हे कबूल करून घेतलंय. पॅसेजमधला दिवा चालूच ठेवलाय.