अकरा खोटे फॉर्म

या अंकात गॅदरिंगबद्दल आणि क्रिकेटबद्दल लिहिणारे पुष्कळ असतील. मला शाळा म्हटली की अकरा फॉर्म आठवतात.

बारावी आर्ट्स, समाजशास्त्राचा प्रकल्प. शाळेमागच्या वस्तीत प्रत्येकानं वीस घरांची प्रश्नावली भरून आणायची. दर पाचवं घर घ्यायचं. ओळखीचं, सावलीतलं घर निवडायचं नाही. नऊ घरं झाली आणि ऊन लागलं. उरलेले अकरा फॉर्म मी ठेल्यावर तर्री-पोहे खात भरून टाकले. खरे वाटावेत म्हणून वयं ३७, ४३, ५२ अशी टाकली. आपल्या हुशारीवर खूश होतो.

मॅडमनी गठ्ठा चाळला. "काऊन रे, या अकरा घरांत सगळ्यांजवळ जन्मदाखला आहे का?"

खऱ्या नऊ फॉर्मांत वयं होती ४०, ३५, ५०, ६०. दाखला नसलेला माणूस वय अंदाजानं, पाचा-दहाच्या पटीत सांगतो. शिवाय माझ्या अकरा घरांत "माहीत नाही" म्हणणारं एकही नव्हतं.

मी वाद घातला. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांच्या गावातल्या नोंदी १९७० साली अमेरिकेत आगीत सापडल्या, मग त्यांनी म्हैसूरजवळच्या रामपुरावरचं पुस्तक स्मरणातून लिहिलं, हे मॅडमनीच सांगितलं होतं. म्हटलं, मीही मनानंच लिहिलं.

"ते १९४८ मध्ये त्या गावात राहून आले होते. तू ठेल्यावर होता."

सिद्धांत मॅडम नागपूरच्या मारबतीवरून शिकवायच्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवत निघते ती इडापीडा न्यायला. हे समाजशास्त्रज्ञ मर्टनचं प्रकट कार्य, म्हणजे लोक उघड सांगतात तो हेतू. सोबतच्या बडग्याच्या, म्हणजे टीकेच्या पुतळ्याच्या, पाटीवर महागाईचा, पुढाऱ्यांवरचा राग निघतो, ते अप्रकट, कुणी न सांगितलेलं कार्य. हजारो लोक एका सुरात ओरडताना अंगावर काटा येतो, तिथं दुर्खीम, गर्दीत माणसं एक होतात म्हणणारा समाजशास्त्रज्ञ. "आणि मार्क्सवाला विचारेल, राग जाळून झाला, दुसऱ्या दिवशी भाव उतरले का?" आम्ही हसायचो, पण पेपरात हेच लिहून आलो.

अकरा घरं पुन्हा करावी लागली. एका घरी दारातच शिंका सुरू झाल्या. अंगणात लाल मिरचीचा ढीग, तीन बायका देठ खुडत बसलेल्या, बोटं लालभडक. "काम काय करता?" विचारलं, तर थोरली म्हणाली, "काई नाई बाप्पा, घरीच रायतो." मी "गृहिणी" लिहिलं. मॅडमनी कारण विचारलं, मी ढीग सांगितला. त्यांनी माझ्या उत्तरावर नाही, छापील प्रश्नावरच काट मारली. प्रश्न त्यांनीच तयार केला होता.

पुढं मी प्राथमिक शिक्षक झालो. २०११ च्या जनगणनेत घरोघरी फिरताना बाई "काही नाही" म्हणाली की मी पेन खाली ठेवायचो आणि विचारायचो, "काकू, मिरची कोणाची खुडता? किलोमागं काय देतात?"