फेरिटिन २१, तरी म्हणे नॉर्मल!

रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांच्या आत वळवळ सुरू. दुखणं नाही, पेटका नाही, पण पाय हलवल्याशिवाय जीव राहायचा नाही. उठून चाललं की शांत, आडवं झालं की पुन्हा तेच.

हिमोग्लोबिन १३ होतं, त्यामुळे पहिल्या डॉक्टरांनी लोहाचा विषयच मिटवला. मी हट्टानं फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची रक्ततपासणी, करून घेतलं. आलं २१. शेजारी छापलेली मर्यादा १५ ते १५०, म्हणजे आकड्याखाली लाल रेघ नाही. रेघ नाही म्हणून आजारही नाही! “नॉर्मल आहे, ताण कमी घ्या.” पुढचे चार महिने मी ताण कमी घेत पहाटे तीनपर्यंत घरभर येरझारा घालत होते. वर झोप यावी म्हणून सर्दीची, गुंगी आणणारी गोळी घ्यायचे. तिनं पाय आणखी चाळवतात, हे फार उशिरा कळलं. तुम्ही घेत असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. उलटीवरच्या आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांचंही तसंच, पण त्या मनानं बंद करू नका.

न्यूरॉलॉजिस्टनी तोच जुना कागद पाहिला आणि पाच मिनिटांत रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम, म्हणजे पाय स्वस्थ राहू न देणारा आजार, म्हणून सांगितलं. या आजारात रक्तातलं लोह ठीक दिसलं तरी मेंदूत कमी पडू शकतं. म्हणून फेरिटिन ७५ किंवा त्याखाली असेल तर लोह देतात. लॅबची मर्यादा इथे कामाची नाही. चार महिने तो कागद माझ्याच पिशवीत होता, याचा राग अजून गेलेला नाही.

लोहाची गोळी एक दिवसाआड, क जीवनसत्त्वासोबत, चहा-कॉफीबरोबर नाही. गोळी सोसत नसेल तर शिरेतून देतात. तपासल्याशिवाय मात्र लोह घेऊ नये, जादा झालं तर तेही बाधतं.

या आजारावरच्या प्रॅमिपेक्सोल नावाच्या गोळीबद्दल मीच विचारलं होतं. सुरुवातीला गुण छान येतो, पण काही वर्षांत त्रास संध्याकाळऐवजी दुपारीच सुरू होऊ शकतो, हातांतही जाऊ शकतो. काहींना जुगाराचा, खरेदीचा नाद लागतो. म्हणून मला त्याऐवजी संध्याकाळी थोडं गॅबापेंटिन हे दुसरं औषध दिलं. सकाळी डोकं जड असतं, पण झोप होते.

फेरिटिन सकाळी उपाशीपोटी करा, आदल्या दिवशीची लोहाची गोळी टाळून. तापातून उठल्या उठल्या नको, तेव्हा ते फसवं वाढलेलं असतं. माझं सहा महिन्यांनी ६८ आलंय. गोळ्या चालूच आहेत.